नोंदवहीतली सतरावी नोंद

प्रिय ताई,

मी कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षात आहे. आमचं कॉलेज जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. घरात कुणी वकिली केलेली नाही. गेल्या दोन वर्षांत आमच्या मूट कोर्टच्या, म्हणजे अभिरूप न्यायालयातल्या युक्तिवादाच्या स्पर्धेच्या, संघाने दोन राज्यस्तरीय स्पर्धा जिंकल्या, त्यातल्या एकीत मला उत्कृष्ट वक्त्याचं पारितोषिक मिळालं. कॉलेजच्या विधी सहाय्य केंद्राची विद्यार्थी प्रमुखही मीच आहे. पुढच्या महिन्यात वार्षिक समारंभात मला ‘सर्वोत्कृष्ट विद्यार्थिनी’ म्हणून गौरवणार आहेत. मानपत्राचा मजकूर मला आधी दाखवला. त्यात ‘१४ शिबिरांमधून २,००० हून अधिक गरजूंना न्याय मिळवून दिला’ असं वाक्य आहे.

ते वाचल्यापासून मला नीट झोप नाही. पावसाळ्याआधी एका गावात आमचं शिबिर होतं. तिथे एक विधवा बाई आल्या. नवरा आधी गेला, मग सासरे गेले. सासऱ्यांच्या जमिनीची वारस नोंद झाली तेव्हा दोन दिरांची नावं लागली, यांचं आणि यांच्या दोन मुलींचं लागलं नाही. फेरफाराची, म्हणजे नोंदीतल्या त्या बदलाची, नक्कल त्या पिशवीत जपून घेऊन आल्या होत्या. मी नोंदवहीत सतराव्या ओळीवर त्यांचं नाव लिहिलं आणि म्हटलं, “आम्ही बघतो, फोन करू.” मग मूटचं मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, लिहायचं आलं, सत्र परीक्षा आली. फोन राहूनच गेला. पाच महिन्यांनी त्या एसटीने कॉलेजला आल्या. मला ओळखून एवढंच म्हणाल्या, “ताई, तुमचा फोन यायचा होता.”

त्याला आता नऊ दिवस झाले. मी अजूनही फोन केलेला नाही, कारण काय सांगायचं ते सुचत नाही. सर म्हणतात, अशी प्रकरणं शेकड्यांनी येतात, तीन आठवड्यांवर राष्ट्रीय स्पर्धा आहे, तिकडे लक्ष दे. आई म्हणते, चालून आलेला मान नाकारू नये. ताई, मी पुरस्कार नाकारू का? मूट सोडून केंद्राचंच काम करू का?

– एक विद्यार्थिनी

---

प्रिय मुली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. किती स्पर्धा जिंकलीस ते त्यात आहे, समारंभ कधी आहे ते आहे, राष्ट्रीय स्पर्धेला किती आठवडे उरले तेही आहे. तो फेरफार कोणत्या तारखेला मंजूर झाला, ते मात्र कुठेच नाही. हे मी तुला टोचायला लिहीत नाही. पण अख्ख्या पत्रात माझ्यासारख्या वकिलाला पहिल्यांदा हवी असते ती हीच तारीख, आणि ती त्या बाईंच्या पिशवीतल्या नक्कलेवर होती. तू ती हातात घेतली होतीस.

म्हणून पुरस्काराचं नंतर बोलू. आधी जमिनीचं.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केलेल्या फेरफाराविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांताकडे, अपील करता येतं आणि त्याला साधारण ६० दिवसांची मुदत असते. ती नेमकी कोणत्या तारखेपासून मोजायची, हे कागद बघूनच ठरेल. पण शिबिराच्या दिवशी ती मुदत चालू असेल, तर तुमच्या पाच महिन्यांत ती उलटून गेली आहे. इतर कुणाकडून राहिलेला फोन हा निष्काळजीपणा असतो. वकिलाकडून राहिला की समोरच्याचा एखादा मार्ग बंद होऊ शकतो. चौथ्या वर्षातच तुला हे कळलं आणि दुरुस्ती अजून तुझ्या हातात आहे, याला मी किंमत देते.

दुरुस्ती आहे का? आहे. मुदत उलटली तरी विलंब माफ करण्याचा अर्ज करता येतो, मात्र पुरेसं कारण दाखवावं लागतं. इथे एक गोष्ट शोधायलाच हवी. फेरफार नोंदवहीत नोंद घातल्यावर तलाठ्याने हितसंबंधितांना नोटीस द्यायची असते आणि हरकतीला वेळ द्यायचा असतो. या बाईंना नोटीस मिळाली होती का? कुणी सही किंवा अंगठा घेतला होता का? नोटीस पोचलीच नसेल, तर विलंबाचं कारण त्यातच आहे. हे तुला शिबिरातच विचारता आलं असतं. आता विचार.

दुसरं, फेरफाराने मालकी ठरत नाही. ही नोंद महसुलासाठी असते, तिच्यामुळे हक्क निर्माणही होत नाही आणि बुडतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलेलं आहे. या कुटुंबाला हिंदू वारसा कायदा, १९५६ लागू असेल आणि जमीन सासऱ्यांची स्वतःची असेल, तर आधी वारलेल्या मुलाची विधवा आणि त्याच्या मुली या वर्ग १ च्या, म्हणजे पहिल्या हक्काच्या, वारस आहेत. दोन दीर प्रत्येकी एक वाटा घेतील आणि या तिघी मिळून तिसरा. सासूबाई किंवा नणंदा असतील तर त्यांचाही वाटा धरायचा. जमीन वडिलोपार्जित असेल तर गणित आणखी बदलेल. त्यामुळे त्या बाईंना फोनवर ‘तुमचा तिसरा हिस्सा नक्की’ असं सांगू नकोस. दिवाणी न्यायालयाचा मार्ग उघडा आहे, एवढं तुझ्या मनाशी असू दे.

घाईचं कारण वेगळंच आहे. नोंदीने हक्क मिळत नसला, तरी नोंद दाखवून जमीन विकता येते, गहाण टाकता येते. आज खरेदीदार सातबारा काढेल तर त्याला दोनच नावं दिसतील. म्हणून वकील पाहिजे आणि याच आठवड्यात पाहिजे.

तो वकील तू नाहीस. वाईट वाटून घेऊ नकोस, कायदाच तसा आहे. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, नसताना न्यायालयात किंवा प्राधिकाऱ्यासमोर वकिली करणाऱ्याला अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ४५ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपराधीपणाच्या भरात तू स्वतःच अपील लिहून प्रांत कार्यालयात उभी राहशील, ही मला खरी धास्ती आहे. तसं करू नकोस. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकील मिळण्यास पात्र असलेल्यांची यादी आहे आणि त्यात स्त्रिया सरसकट आहेत, त्यांना उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्यायचा. त्या बाईंच्या घरून कार्यालय लांब असेल तर १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. पण तू सोबत जाऊ शकतेस, म्हणून जा. फेरफाराची प्रमाणित प्रत, सातबारा, आठ-अ, नवऱ्याचा आणि सासऱ्यांचा मृत्यू दाखला, मुलींचे जन्माचे किंवा शाळेचे दाखले एवढं गोळा करायला त्या बाईंना एकटीला चार खेटे पडतील, तुझ्यासोबत एक-दोन. आणि तारखांची एक साधी यादी कर: कोण केव्हा वारलं, नोंद केव्हा घातली, प्रमाणित केव्हा झाली, यांना कळलं केव्हा. नेमलेल्या वकिलाला तू याहून उपयोगी काही देऊ शकणार नाहीस.

आता तुझ्या प्रश्नांकडे येते.

मूट सोडू नकोस. तीन आठवड्यांवर स्पर्धा असताना तू बाहेर पडलीस, तर संघातल्या दोघांना दिलेला शब्द मोडशील. एक शब्द मोडल्याचं प्रायश्चित्त दुसरा मोडून होत नाही. शिवाय मूटमध्ये तू जे शिकतेस ते फुकट जाणारं नाही. निकालपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं, दुसऱ्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा आपणच आधी मांडून बघायचा, न्यायाधीशाने मध्येच तोडलं तरी धागा सोडायचा नाही. हे शिकायला मला सनद मिळाल्यावरही काही वर्षं लागली.

मूट आणि सेवा एकमेकींच्या विरुद्ध उभ्या आहेत, असं तुझ्या सरांना वाटतं आणि तुलाही वाटू लागलंय. वकिलांची आणि कायद्याच्या शिक्षणाची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिलला तसं वाटलेलं नाही. विधी शिक्षण नियम, २००८ मधला मूट कोर्ट आणि इंटर्नशिपचा सक्तीचा पेपर काढून बघ. मूटला ३० गुण आहेत. एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला बसून पाहण्याला ३०. वकिलाच्या किंवा विधी सहाय्याच्या कार्यालयात पक्षकाराशी कसं बोलतात ते पाहून टिपून ठेवणं, दावा कसा तयार होतो ते पाहणं आणि इंटर्नशिपची रोजनिशी, यालाही ३०. तोंडी परीक्षेला १०. म्हणजे न्यायाधीशांसमोर बोलणं आणि माणसासमोर बसून ऐकणं यांचं वजन नियमांत सारखं आहे. कॉलेजच्या फ्लेक्सवर पहिल्याचा फोटो येतो, दुसऱ्याचा येत नाही, म्हणून आपल्याला पहिलं मोठं वाटत राहतं.

ऐकण्याबद्दल माझी एक गोष्ट सांगते. शेवटच्या वर्षाला असताना मी एका ज्येष्ठ वकिलांकडे बसायची. एका कारखान्यात पहारेकरी म्हणून आयुष्य काढलेले एक गृहस्थ ग्रॅच्युइटीसाठी आले. वकीलसाहेबांनी मसुदा माझ्याकडे दिला. मी रात्रभर बसून चार पानं लिहिली, सर्वोच्च न्यायालयाचे तीन निवाडे घातले. सकाळी साहेबांनी पानं बाजूला ठेवून विचारलं, “हे नोकरीला कधी लागले? सुटले कधी? शेवटचा पगार किती होता?” मला लागल्याचं वर्ष तेवढं माहीत होतं. सुटल्याची तारीख मी वर्षअखेर धरून टाकली होती, पगार विचारलाच नव्हता. ग्रॅच्युइटीचा हिशेब शेवटचा पगार आणि नोकरीची वर्षं यांवरच होतो, म्हणजे अर्जात जे असायलाच हवं होतं तेच नव्हतं. ते गृहस्थ समोरच्या बाकावर बसले होते. आदल्या दिवशी ते माझ्याशी अर्धा तास बोलले होते आणि मी त्यांच्या बोलण्यात बसणारे निवाडे आठवत होते. आजही नवा पक्षकार आला की मी पहिली दहा मिनिटं पेन खाली ठेवते.

मूटमध्ये वस्तुस्थिती छापून हातात येते. परिच्छेदांना क्रमांक असतात, सगळ्या तारखा असतात. शिबिरात आलेली बाई परिच्छेद पाडून बोलत नाही. ती आधी सासऱ्यांच्या आजारपणाचं सांगते, मग धाकट्या दिराचं, मग मुलीच्या शाळेचं, आणि तुला हवी असलेली तारीख यातच कुठेतरी असते. ती काढून घेणं हे कौशल्य आहे. मूटचं पारितोषिक मिळवलेल्या मुलीला ते जमत नसेल तर त्यात कमीपणा नाही, पण ते आपल्याला येतं असं गृहीत धरू नये.

दोन्ही कौशल्यं एकत्र आली की काय होतं, ते आपल्याच राज्यात घडलेलं आहे. मथुरा प्रकरण तू वर्गात वाचलं असशील. चंद्रपूरकडच्या मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात अत्याचार झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष ठरवलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांनी निकालपत्र बारकाईने वाचलं होतं. संमती म्हणजे काय आणि नुसतं मुकाट राहणं म्हणजे काय, यातला फरक त्यांनी ओळी काढून दाखवला. देशभरातल्या स्त्री संघटना त्या मुद्द्यावर उभ्या राहिल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. तू मूटसाठी निकालपत्र वाचतेस तसंच ते वाचन होतं. फक्त ते वाचताना त्यांनी ठाण्यातल्या त्या मुलीला नजरेआड होऊ दिलं नाही.

त्याच वर्षी, १९८३ मध्ये, शीला बर्से या पत्रकार महिलेच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या कोठड्यांमधल्या स्त्रियांबद्दल निर्देश दिले. मारहाण झाली का, हे त्या कैदी स्त्रियांना विचारायला न्यायालयाने निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांना तुरुंगात पाठवलं. बोलतं करणारं माणूस कोण, यावर सत्य बाहेर येणं अवलंबून असतं, हे न्यायालयाला कळलं होतं. विधी सहाय्य केंद्रात खुर्ची कशी मांडायची, दीर सोबत आले असतील तर त्यांना बाहेर बसायला कसं सांगायचं, या गोष्टी तुम्हाला कुणी शिकवल्या का? नसतील तर जवळच्या समाजकार्य महाविद्यालयातल्या शिक्षकांना एक दिवस बोलवा. शिबिरापेक्षा उपयोगी ठरेल.

विद्यार्थ्यांच्या हातून काय मोठं होतं म्हणून उमेद हवी असेल, तर आणखी एक. २०१९ मध्ये पॅसिफिक बेटांवरच्या विद्यापीठाचे २७ कायद्याचे विद्यार्थी वानुआतूमधल्या वर्गात एका प्रश्नावर बसले: हवामान बदलाबद्दल देशांची जबाबदारी काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारता येईल का? वानुआतू सरकारने तो प्रश्न उचलला, मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने आपलं मत दिलं. सहा वर्षं. मला यात हीच गोष्ट भावते. मधल्या काळात सत्रं संपली, पदव्या झाल्या, पण त्यांनी काम सोडलं नाही. तुमच्या केंद्रात एका सत्र परीक्षेत सतरावी ओळ मागे पडली.

हा दोष तुझ्या एकटीचा नाही, हेही मी म्हणेन. बार कौन्सिलचे नियम प्रत्येक महाविद्यालयाला विधी सहाय्य केंद्र चालवायला सांगतात आणि ते ज्येष्ठ अध्यापकाच्या देखरेखीखाली चालवायचं असतं. विद्यार्थी परीक्षेला बसणार, स्पर्धेला जाणार, घरी जाणार. अशा वेळी नोंदवही उघडून बघणारं मोठं माणूस नसेल, तर ओळी मागे पडणारच. तू हे सरांना सांगायला हवंस, आदराने पण स्पष्ट. ‘अशी प्रकरणं शेकड्यांनी येतात’ हे खरंच आहे, म्हणून तर तितकी शिबिरं घेऊ नयेत. निभावता येतील तेवढीच माणसं बोलवावीत.

माझं मत विचारशील तर पुढचं वर्षभर नवं शिबिर घेऊच नका. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०११ च्या विनियमांत विद्यार्थ्यांनी एखादं गाव, शक्यतो दुर्गम, दत्तक घ्यावं अशी कल्पना आहे. चौदा गावांऐवजी एक गाव घ्या. महिन्यातला एक ठरलेला वार आणि ठरलेली जागा. त्या दिवशी कुणी आलं नाही तरी तिथे जाऊन बसायचं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला माणसं येऊ लागतील, कारण तोवर त्यांना कळलेलं असेल की ही मुलं परत येतात.

नोंदवहीचंही बघा. तुझ्या पत्रावरून मला वाटतं की तुम्ही नाव, गाव, ‘समस्या’ आणि सही एवढंच लिहीत असाल. ती हजेरी झाली. प्रत्येक नावापुढे फोन, कागदावरची महत्त्वाची तारीख, मुदत केव्हा संपते, कोणत्या विद्यार्थ्याकडे दिलं आणि पुढचा फोन केव्हा करायचा एवढं हवं. परीक्षा लागण्याआधी प्रत्येक उघडी नोंद दुसऱ्याच्या हातात सोपवून त्याची सही घ्यायची, आणि ज्याची मुदत महिन्याच्या आत आहे ते प्रकरण त्याच दिवशी विधी सेवा समितीकडे पोचवायचं. जे आपल्याला जमणार नाही, ते समोरच्याला तिथल्या तिथे सांगायचं. ‘आम्ही बघतो’ हे दोन शब्द केंद्रातून हद्दपार करा. त्या बाईंनी तुमच्या त्या दोन शब्दांवर पाच महिने वाट पाहिली, नाहीतर त्या कदाचित दुसऱ्या कुणाकडे गेल्या असत्या.

जाता जाता, नोंदवही टेबलावर उघडी ठेवू नका आणि आलेल्या माणसांचे फोटो कॉलेजच्या अहवालात छापू नका. पक्षकाराने वकिलाला सांगितलेल्या गोष्टींना पुरावा कायद्यात गोपनीयतेचं संरक्षण आहे. ते विद्यार्थ्यालाही आपोआप मिळेल असं धरून चालू नये, म्हणून जास्तच जपायचं.

राहिला पुरस्कार. तुझी आई बरोबर सांगते, नाकारू नकोस. व्यासपीठावर जाऊन परत करायचा विचार मनात असेल तर तोही काढून टाक. त्याने सभागृहात कुजबुज होईल, तुझ्या मनावरचं ओझं उतरेल, पण त्या बाईंचं नाव सातबाऱ्यावर लागणार नाही. आणि कृपा करून त्यांना समारंभाला बोलावून त्यांची गोष्ट माइकवर सांगू नकोस. ती गोष्ट त्यांची आहे.

पण मानपत्रातलं ते वाक्य तसंच राहू देऊ नकोस. २,००० हा आकडा शिबिरात सही केलेल्यांचा असणार. त्यातल्या बहुतेकांनी एक व्याख्यान ऐकलं असेल. ‘न्याय मिळवून दिला’ हे खरं नाही, आणि ते तुझ्या नावाखाली वाचलं जाणार आहे. दोन वर्षांनी तू प्रतिज्ञापत्रांखाली लोकांच्या सह्या घेशील आणि ‘वरील मजकूर खरा आहे’ असं त्यांना वाचून दाखवशील. त्याची सवय आत्तापासून असावी. प्राचार्यांना भेट आणि लेखी विनंती कर की मूटमधल्या यशाचा उल्लेख असू द्यावा, केंद्राबद्दल ‘इतकी शिबिरं झाली, इतक्या लोकांनी नावं नोंदवली’ एवढंच लिहावं. त्यांनी विचारलं की किती प्रकरणं शेवटाला गेली, तर खरा आकडा सांग. तो मोजायला तुला नोंदवही पहिल्या पानापासून वाचावी लागेल आणि सतराव्या ओळीसारख्या आणखी ओळी सापडतील. त्या शोधणं हा या सगळ्यातला सर्वांत कठीण भाग असेल. एकटीने करू नकोस, केंद्रातल्या सगळ्यांना एका रविवारी बसव.

प्राचार्यांनी ऐकलं नाही तर? मग सत्काराला उत्तर देताना दोन वाक्यांत खरं काय ते सांग आणि खाली ये. आवाज चढवायचा नाही, कुणाचं नाव घ्यायचं नाही. तेवढं बोलायला तू मूटमध्ये शिकली आहेस. स्पर्धेच्या महिन्यात मात्र केंद्राची प्रमुख तू राहू नकोस. मधल्या वर्षातल्या कुणाकडे तरी कारभार दे, लेखी दे, आणि परत आल्यावर त्याच्याकडून हिशेब घे.

आता फोन. हे वाचून झालं की कर, पत्राचं उत्तर मला नंतर लिही. काय सांगायचं ते सुचत नाही, असं तू म्हणतेस. आधी आपलं नाव सांग. मग ‘मी फोन करायला हवा होता, केला नाही, चूक माझी आहे’ एवढं म्हण. परीक्षेचं कारण सांगू नकोस. त्या रागावल्या तर ऐकून घे. काही न बोलता ‘बरं’ म्हणाल्या तर तेही ऐकून घे, ते जास्त जड जाईल. मग विचार की फेरफाराची नक्कल जवळ आहे का, आणि खालच्या बाजूला, मंडळ अधिकाऱ्याच्या सहीपाशी कोणती तारीख आहे ते वाचून घे. त्यांना वाचता येत नसेल तर मुलीला फोन द्यायला सांग. तारीख लिहून झाली की विधी सेवा समितीच्या कार्यालयात कोणत्या दिवशी भेटायचं ते ठरव, आणि त्या एसटीतून उतरतील तिथे दहा मिनिटं आधी जाऊन उभी राहा.

तुझी,
ताई